रात्री नऊ पन्नासचा निरोप: पाळी बदलताना निसटलेली एक सूचना

पुण्यातील एका शासकीय आपत्कालीन कार्य केंद्रात एका पावसाळ्यात घडलेल्या प्रसंगाची ही मांडणी आहे. केंद्राचे नाव, वर्ष आणि व्यक्तींची नावे वगळली आहेत. वेळा आणि विसर्गाचे, म्हणजे धरणातून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे, आकडे ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत, पण घटनांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे. त्या काळात केंद्राचे पर्यवेक्षण माझ्याकडे होते. त्यामुळे यातील काही निर्णय माझे आहेत आणि काही चुकाही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

पुण्यात पूर दोन प्रकारे येतो. एक नदीचा आणि दुसरा ओढ्याचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडच्या डोंगरउतारावर कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्यातून थेट वस्त्यांत आणि सोसायट्यांत घुसला, तो दुसऱ्या प्रकारचा पूर होता. मुठा नदीच्या पुराचे तसे नसते. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तीन धरणांतून सोडलेले पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून ते मुठेच्या पात्रात सोडले जाते. ते किती वाजता आणि किती सोडायचे, हे आधी ठरते आणि आधी कळवलेही जाते. म्हणून नदीच्या पुरात आपत्कालीन केंद्राच्या हाती थोडा तरी वेळ असतो, आणि तो वेळ वापरणे हे केंद्राचे मुख्य काम असते.

हा वेळ किती तुटपुंजा असतो, हे मात्र बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. वरसगावचा उपयुक्त साठा १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेतचा १०.६५ आणि टेमघरचा ३.७१ टीएमसी आहे, तर या सगळ्यांच्या खाली असलेल्या खडकवासल्याचा जेमतेम १.९७ टीएमसी. ३५ हजार क्युसेकने (सेकंदाला तितके घनफूट) दिवसभर पाणी सोडले तर सुमारे ३ टीएमसी पाणी जाते, म्हणजे खडकवासल्याच्या संपूर्ण उपयुक्त साठ्याच्या दीडपट. वरची धरणे भरलेली असताना घाटमाथ्यावर पाऊस वाढला, तर खडकवासला ते पाणी धरून ठेवू शकत नाही. संध्याकाळी ठरलेला विसर्ग रात्री दहाला बदलतो आणि मध्यरात्री पुन्हा बदलतो. त्यामुळे केंद्रात येणारा प्रत्येक निरोप फार थोडा वेळ ताजा राहतो.

आमच्याकडे तीन पाळ्या होत्या: सकाळी ६ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री १० आणि रात्री १० ते सकाळी ६. प्रत्येक पाळीत एक पाळीप्रमुख असे. तो बहुधा अन्य कार्यालयातून सेवा वर्ग करून घेतलेला कर्मचारी असे. त्याच्यासोबत दोन कंत्राटी ऑपरेटर आणि एक शिपाई असत. कागदावर ही व्यवस्था पुरेशी दिसते. पण आठवड्याचे तास १६८ असतात आणि एक माणूस सुट्टी धरून ४८ तास काम करतो. म्हणजे एक खुर्ची बारा महिने चोवीस तास भरलेली ठेवायला किमान साडेतीन माणसे लागतात, आणि रजा व आजारपण धरले तर साडेचार ते पाच. आमच्याकडे प्रत्येक खुर्चीमागे चारसुद्धा माणसे पुरती नव्हती. एकाची रजा म्हणजे दुसऱ्याची दुहेरी पाळी, हे जूनपासूनच अंगवळणी पडले होते.

त्या रात्री काय घडले

जुलैचा उत्तरार्ध होता. संध्याकाळी ७ वाजता विसर्ग साधारण ९ हजार क्युसेक होता. त्या पातळीला लागणारे सगळे फोन झाले होते आणि नदीपात्रातल्या रस्त्यावर पोलीस उभे होते. रात्री ९ वाजून ५० मिनिटांनी धरणावरून दूरध्वनी आला. ११ वाजल्यापासून विसर्ग २७ हजारांपर्यंत नेण्यात येईल आणि पाऊस न थांबल्यास तो टप्प्याटप्प्याने ३५ हजारांपर्यंत वाढेल, असा तो निरोप होता. दुसऱ्या पाळीतील ऑपरेटरने तो शब्दशः नोंदवहीत उतरवला, वेळ टाकली, सही केली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही टाकला. तिच्या कामात तोपर्यंत काही उणे नव्हते.

दहाला तिची पाळी संपत होती. रात्रपाळीची एक ऑपरेटर पावसामुळे सिंहगड रस्त्यावर अडकली होती, ती दहा वाजून बारा मिनिटांनी पोहोचली. मधल्या वेळात झाडपडीचे फोन लागोपाठ येत होते. दुसऱ्या पाळीचे प्रमुख जाताना रात्रपाळीच्या प्रमुखांना "विसर्ग वाढतोय, लक्ष ठेवा" एवढे बोलले. ते खरे होते, पण कामाचे नव्हते. विसर्ग संध्याकाळपासून वाढतच होता, त्यामुळे ऐकणाऱ्याने ते संध्याकाळच्या वाढीबद्दल आहे असे धरले.

दुसऱ्या दिवशी ती नोंदवही समोर घेऊन बसले तेव्हा मला जे दिसले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. ९.५० ची नोंद उजव्या हाताच्या पानाच्या अगदी शेवटच्या ओळीवर होती. अक्षर सुवाच्य होते आणि आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पण पाळीची देवघेव नवीन पानावर लिहायची, अशी आमच्याकडे शिस्त होती. रात्रपाळीने पान उलटले, वर तारीख, पाळी आणि नावे लिहिली, "कार्यभार स्वीकारला" म्हणून सह्या केल्या, आणि ती ओळ पानामागे गेली. ग्रुपवरचा संदेश तोवर झाडपडीच्या छायाचित्रांखाली गाडला गेला होता. सकाळी मोजले तेव्हा त्यानंतरच्या तासाभरात ग्रुपवर शंभराहून अधिक संदेश आले होते. ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी तो वाचला होता आणि केंद्राने पुढचे फोन केलेच असतील, असे प्रत्येकाने धरले होते.

२७ हजारांच्या पातळीला आमच्या आराखड्याप्रमाणे नदीकाठच्या भागांतील क्षेत्रीय कार्यालये, अग्निशमन दल, पोलीस ठाणी, महावितरण आणि सखल वस्त्यांतील ठरलेले संपर्क मिळून तीसेक फोन करायचे होते. त्यांतला एकही झाला नाही. रात्री १२ वाजून ३५ मिनिटांनी सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीच्या सुरक्षारक्षकाचा फोन आला: "मॅडम, पार्किंगमध्ये पाणी यायला लागलंय. आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही." ऑपरेटरने पाळीप्रमुखांना सांगितले, त्यांनी नोंदवही मागे उलटली आणि १२.४० ला ती ओळ सापडली.

बारा चाळीसचा निर्णय

पाळीप्रमुखांनी १२.४४ ला मला घरी फोन केला. ओळ सापडल्यानंतरची ती चार मिनिटे त्यांनी कशात घालवली, हे मी नंतर विचारले. मला फोन करावा की नाही, याचाच ते विचार करत होते. दोन आठवड्यांपूर्वी "धरण फुटलं" अशी अफवा पसरली होती, तेव्हा त्यांनी रात्री दोनला वरिष्ठांना उठवले होते आणि खातरजमा न करता उठवल्याबद्दल बोलणी खाल्ली होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या प्रलयाची आठवण या शहरात इतकी खोल आहे की मोठा विसर्ग सुरू झाला की असे फोन येतातच. अफवा आणि इशारा यांतला फरक रात्रपाळीच्या माणसाने एकट्याने ठरवावा अशी अपेक्षा ठेवायची, आणि चुकला तर त्याला झापायचे, हे आम्हीच चालवले होते.

त्या क्षणी तीन मार्ग होते. पहिला म्हणजे धरणावर फोन करून सध्याचा नेमका विसर्ग विचारावा आणि मगच पुढचे फोन सुरू करावेत. दुसरा म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना कळवून त्यांच्या आदेशाची वाट पाहावी. तिसरा म्हणजे हातातल्या आकड्यावर विसंबून ताबडतोब यादीतले फोन सुरू करावेत. पहिल्या दोन मार्गांत चूक होण्याची शक्यता कमी होती, पण वेळ जाणार होता. तिसऱ्यात एखाद्या वस्तीला मध्यरात्री विनाकारण उठवण्याचा धोका होता. पाणी पार्किंगमध्ये शिरले आहे हे प्रत्यक्ष कळलेले असताना तो धोका मला क्षुल्लक वाटला. दोन्ही ऑपरेटरांनी यादी वरून आणि खालून अशी दोन टोकांनी सुरू करावी, पाळीप्रमुखांनी स्वतः धरणाशी बोलावे आणि वरिष्ठांना मी कळवावे, असे ठरले.

यादीच्या क्रमात मी एक बदल सांगितला. महावितरणचा फोन पहिला करायला लावला. पुराच्या पाण्यात माणसे केवळ बुडून मरत नाहीत. पार्किंगमधले मीटरचे फलक आणि सखल भागातले फीडर पिलर (रस्त्याकडेच्या वीजवितरण पेट्या) पाण्याखाली जाऊनही वीज चालू राहिली, तर घोटाभर पाणीही जीव घेते. त्या भागाचा पुरवठा १२.५८ ला बंद झाला. काळोखात लोकांना बाहेर काढणे त्यामुळे अवघड झाले आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी त्याबद्दल तक्रारही केली. तरीही तो क्रम मी आज बदलणार नाही.

सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनची तुकडी मागवावी का, हाही प्रश्न होता. ती येईपर्यंत लागणारा वेळ आणि पाण्याची पातळी पाहता स्थानिक अग्निशमन दल पुरेसे ठरेल असे वाटले. म्हणून जिल्हा पातळीवरून त्यांना सज्ज राहण्याचा निरोप तेवढा देण्यात आला.

यानंतर मी जे केले ते चुकीचे होते. मी केंद्रावर जायला निघाले. पावसात गाडी चालवत असताना जवळजवळ वीस मिनिटे मी कुणाचाही फोन धड घेऊ शकले नाही. नेमक्या त्याच वेळी एका वस्तीतील लोकांना कोणत्या शाळेत हलवायचे, यावर क्षेत्रीय कार्यालय आणि पोलीस यांच्यात घोळ झाला होता आणि पाळीप्रमुख माझा शोध घेत होते. घरी टेबलाशी बसून राहिले असते तर मी अधिक उपयोगी पडले असते.

काय गमावले

जीवितहानी झाली नाही. नदीपात्रातला रस्ता आधीच बंद होता, हे आमचे सुदैव. दोन वस्त्यांतील कुटुंबे पहाटे अडीचपर्यंत महापालिकेच्या शाळांत पोहोचली. तीन सोसायट्यांतील वाहने पाण्यात गेली आणि तळमजल्यावरची घरे भरली.

अहवालात "वित्तहानी" या एका शब्दात मावणारे ते नुकसान नेमके काय होते, हे तिसऱ्या दिवशी वस्तीत गेले तेव्हा कळले. घरोघरी कपडे शिवून देणाऱ्या एका बाईंचे शिलाई मशीन चिखलाने माखून दाराशी ठेवलेले होते. मोटर काढून उन्हात वाळत घातली होती. त्या रागावलेल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "दहाला सांगितलं असतं ना ताई, तर पोरांनी मिळून माळ्यावर चढवलं असतं. एकला आलात तेव्हा पोरं उचलायची का मशीन?" निरोप आमच्याकडे ९.५० ला आला होता आणि त्यांच्यापर्यंत तो पोहोचला १ वाजून ५ मिनिटांनी. त्या सव्वातीन तासांत एक मशीन, महिन्याचे धान्य आणि शाळेची दप्तरे माळ्यावर गेली असती.

जबाबदारीचा प्रश्न

दुसऱ्याच दिवशी वरून "जबाबदारी निश्चित करा" असा निरोप आला. सरकारी कामकाजात याचा सरळ अर्थ कारणे दाखवा नोटीस. नोटीस कुणाला द्यायची तेही सोपे होते, कारण निरोप घेणाऱ्या ऑपरेटरची सही त्या ओळीपुढे होती. ती कंत्राटी होती, त्यामुळे सेवा संपवणेही एका पत्राचे काम होते.

मी ते केले नाही, आणि त्यामागे तिच्याबद्दलची सहानुभूती हे एकमेव कारण नव्हते. तिला काढले असते तर उरलेल्यांनी त्यातून एकच धडा घेतला असता: नोंदीपुढे सही शक्यतो आपली नको. त्यानंतर नोंदीच कमी झाल्या असत्या. मी दोन्ही पाळ्यांना एकत्र बसवले, नोंदवही, हजेरीपट आणि फोनच्या वेळा समोर ठेवल्या आणि मिनिटामिनिटाचा हिशेब लावला. हजेरीपटावरून कळले की ती ऑपरेटर सलग तेरा दिवस कामावर होती आणि दोनच दिवसांपूर्वी तिने दुहेरी पाळी केली होती. तो हजेरीपट मीच मंजूर केला होता. जूनमध्ये घेतलेली रंगीत तालीमही मीच आखली होती. ती सकाळी अकराला झाली होती, सर्व अधिकारी उपस्थित असताना, पाळी बदलायला तीन तास शिल्लक असताना. पाळी बदलतानाच निरोप आला तर काय होईल, हे आम्ही कधी करून पाहिलेच नव्हते.

वरिष्ठांना मी लेखी कळवले की त्रुटी देवघेवीच्या पद्धतीत आहे आणि तिची जबाबदारी पर्यवेक्षक म्हणून माझी आहे. माझ्या गोपनीय अहवालात त्याची नोंद झाली. ती योग्यच होती.

काय बदलले

पहिला बदल नोंदवहीत झाला आणि तो सुचवला एका शिपायाने. त्याचे वडील किराणा दुकानात हिशेब लिहीत. पान भरले की खाली बेरीज मांडून "पुढे नेले" आणि नव्या पानावर "मागील पानावरून" असे लिहायची त्यांची रीत होती. आम्ही तसेच सुरू केले. कार्यभार स्वीकारण्याची सही करण्यापूर्वी मागील पाळीतील प्रत्येक अपुरी बाब नव्या पानावर पुन्हा लिहायची, आणि ती लिहायची येणाऱ्या माणसाने, जाणाऱ्याने नव्हे. स्वतःच्या हाताने लिहिलेले नजरेतून सुटत नाही.

दुसरा बदल पाळ्यांच्या वेळेत झाला. सगळे एकाच वेळी बदलत असत, म्हणून संपूर्ण खोलीची स्मृती दहा वाजता एकदम दाराबाहेर जात असे. आम्ही ऑपरेटर ९.३० ला आणि पाळीप्रमुख १०.३० ला बदलायला सुरुवात केली, त्यामुळे परिस्थिती ठाऊक असलेला एक तरी माणूस नेहमी खुर्चीत राहू लागला. या खेरीज अर्ध्या तासाची सामाईक वेळ ठेवली होती, तिला ऑपरेटरांनी हरकत घेतली. तो अर्धा तास रोज फुकट का द्यायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. महिनाभर तोडगा निघाला नाही. शेवटी आठवड्याच्या तासांत ते बसवून हजेरीपट नव्याने आखला. नऊ-साडेनऊला सुटणाऱ्या महिलांना बस मिळणे सोपे झाले, हा लाभ आमच्या नियोजनात नव्हता.

तिसरा बदल अधिकाराचा होता आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा होता. विसर्गाच्या ठरलेल्या पातळ्यांना यादीतले फोन सुरू करण्यासाठी पाळीप्रमुखाला कुणाचीही परवानगी लागणार नाही, असा लेखी आदेश काढून घेतला. रात्री उठवल्याबद्दल कुणालाही बोल लावला जाणार नाही, असे वाक्य त्यात घालण्याचा मी आग्रह धरला. ते सरकारी भाषेत नेमके कसे लिहावे यावर बरीच चर्चा झाली, पण वाक्य राहिले. फोन झाला याची नोंद आता समोरच्याने आकडा परत म्हणून दाखवल्यावर, त्याच्या नावासह आणि वेळेसह होते. ग्रुपवर टाकलेला संदेश कळवण्यात धरला जात नाही.

मनुष्यबळाचा प्रस्तावही पाठवला. पावसाळ्यापुरते दोन कर्मचारी मिळाले, त्यांतला एक सप्टेंबरात निवडणुकीच्या कामासाठी परत बोलावला गेला.

पुढे काय झाले

ऑगस्टमध्ये पुन्हा अशीच वेळ आली. रात्री ९.४० ला विसर्ग वाढीचा निरोप आला तेव्हा ऑपरेटरची नवी जोडी बसून दहाच मिनिटे झाली होती आणि पाळीप्रमुख जुनेच होते. पहिला फोन तीन मिनिटांत गेला आणि यादी २६ मिनिटांत संपली. मला कळवले गेले ते यादी अर्धी झाल्यावर. ते मला फार बरे वाटले.

सगळेच टिकले असे मात्र नाही. प्रलंबित बाबींसाठी भिंतीवर लावलेला फळा पहिले तीन आठवडे चांगला चालला, मग त्यावर रजेचे अर्ज आणि चहाचा हिशेबही येऊ लागला आणि शेवटी तो काढून टाकावा लागला. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात "मागील पानावरून" लिहिणे सैल पडले. पुढच्या मेमध्ये ते पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागले. आता तालीम वर्षातून दोनदा होते, त्यांतली एक न कळवता आणि पाळी बदलण्याच्या वेळेत.

वेगळे काय करता आले असते

१२.४४ ला मी यादीचा क्रम बदलून महावितरणला वर घेतले, तसेच वस्तीतील संपर्कांनाही वर घ्यायला हवे होते. आमच्या यादीत आधी कार्यालये आणि शेवटी माणसे होती. कार्यालयातून माणसापर्यंत निरोप झिरपायला वीस-पंचवीस मिनिटे गेली, त्या वेळात वस्तीतल्या चार जणांना थेट फोन करून दारोदार हाक देता आली असती. आता यादीचा एक भाग थेट त्यांच्यापासूनच सुरू होतो. सोसायट्यांच्या सुरक्षारक्षकांचे क्रमांक मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. ते अद्ययावत ठेवण्याचे काम एका ऑपरेटरकडे दिले आहे आणि तिची महिन्यातली एक पाळी त्यातच जाते.

ओढ्याच्या पुराचा प्रश्न आम्ही अजून सोडवलेला नाही. नदीसाठी बसवलेली ही सगळी पद्धत धरणावरून येणाऱ्या एका फोनवर उभी आहे. आंबिल ओढ्यासारख्या ठिकाणी असा फोन येत नाही, तिथे पहिली खबर घरात पाणी शिरलेल्या माणसाचीच असते. मग एकाच भागातून किती फोन आले म्हणजे पाळीप्रमुखाने खातरजमेची वाट न पाहता कामाला लागावे? सध्या आम्ही दहा मिनिटांत तीन फोन ही खूण धरली आहे. तिसरा फोन येईपर्यंत पहिल्या घरात पाणी कुठवर चढलेले असेल, याचा अंदाज घेण्यासाठी गेल्या पावसाळ्यातील फोनच्या वेळा आणि ओढ्याकाठच्या रहिवाशांच्या आठवणी एकत्र मांडण्याचे काम सध्या केंद्रात चालू आहे.